वहीतला रिकामा रकाना

प्रति,
मा. अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि संचालक मंडळ,
देशातली एक मोठी माहिती तंत्रज्ञान कंपनी

स.न.वि.वि.

कंपनीचं नाव वर लिहिलं नाही, ते मुद्दाम. ज्यांच्यासाठी हे पत्र आहे त्यांना वाचता वाचता कळेलच. बाकीच्यांनी अंदाज बांधत बसू नये, कारण मी काही सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेला सल्लागार नाही आणि कुठला शेअर घ्या किंवा विका हे सांगायला बसलेलो नाही. शिवाय नाव लिहिलं आणि उद्या भाव दोन टक्के पडला, तर आमच्या कॉलनीत त्याचा जाब मलाच विचारतील.

मी कोण, ते आधी सांगतो. अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची तीन मशीनं, आणि नऊ माणसं. मोटारींना लागणाऱ्या पिना, बुश, लहान शाफ्ट बनवून देतो. सगळं जॉबवर्क. तुमच्याशी नातं मात्र माझ्या वडिलांनी जोडलं. ते सातपूरला टर्नर होते. २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा हातात आलेल्या पैशातले थोडे बाजूला काढून त्यांनी तुमचे ५० शेअर घेतले. डॉट कॉमचा फुगा नुकताच फुटला होता आणि कॉम्प्युटरवाल्यांचं काही खरं नाही असं जो तो म्हणत होता. वडिलांचं म्हणणं एवढंच होतं, की या कंपनीचे हिशेब माझ्यासारख्या दहावी पास माणसालाही समजतात. बोनस शेअर मिळत मिळत त्या ५० चे ४०० झाले, काही मी मागाहून घेतले. कागदी सर्टिफिकिटं बरीच वर्षं गोदरेजच्या कपाटात साडीच्या घडीखाली होती. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद होणार असं कळल्यावर धावपळ करून ती डिमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, करून घेतली. वडील गेले त्याला चार वर्षं झाली. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखेत. म्हणजे तिची फी तुमच्या शेअरवर आणि तिची नोकरीही तुमच्यासारख्यांवरच. माझ्या घराची दोन्ही चाकं तुमच्या रस्त्यावर आहेत. म्हणून हे लिहिणं: नव्या आणि नूतनीकरण झालेल्या करारांचे आकडे वेगवेगळे द्यायचं तुम्ही बंद केलंत, त्याबद्दल.

आम्ही पाचजण दर रविवारी सकाळी मिसळ खायला जमतो. नाशिकमध्ये रविवारी मिसळ खाणारे कमी नाहीत, पण आमच्या टेबलावर तुमचा तिमाही निकाल असतो. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. आयुष्यभर नोटा छापल्यामुळे कुठल्याच आकड्याने ते हरखून जात नाहीत. गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाईच म्हणतात. पिंपळगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. माझा भाचा हिंजवडीत तुमच्यासारख्याच एका कंपनीत आहे, तो सुट्टीला आला की पाचवा. आणि मी.

या पाचजणांत गेले नऊ महिने एकच भांडण चालू आहे, ते काय आहे ते तुम्हाला कळावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काकांचं म्हणणं, शेअर आहे तिथे धरून ठेवा. कर्ज नाही, गल्ल्यात रोकड भरपूर, डिव्हिडंड वेळेवर, पीई, म्हणजे शेअरचा भाव नफ्याच्या किती पट ते, गेल्या काही वर्षांतल्या सरासरीच्या खाली. रुपया डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरला ९० च्या पार गेला. डॉलरमध्ये कमावणाऱ्या आणि बराचसा पगार रुपयांत देणाऱ्या कंपनीला आणखी काय हवं? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने तिकडे नोकरीला जायच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं तेव्हा सगळे घाबरले, पण काका म्हणाले की आता तिकडचीच माणसं जास्त घेतात, फार फरक पडायचा नाही.

बाई रुपयाच्या मुद्द्यावर काकांना वर्गात उभं केल्यासारखं करतात. त्यांचं गणित असं: गेल्या वर्षी १०० डॉलरचं काम केलं आणि डॉलर ८५ धरला तर ८,५०० रुपये झाले. यंदा तेवढंच काम केलं, डॉलर ९० झाला, तर ९,००० रुपये. काम कणभर वाढलं नाही आणि छापून येते जवळजवळ ६ टक्के वाढ. म्हणून त्या रुपयातला आकडा वाचतच नाहीत, चलनाचा फरक काढून टाकलेला आकडाच बघतात. तो तुम्ही देता, हे कबूल. पण पेपरातल्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुठला असतो, ते तुम्हालाही माहीत आहे.

भाच्याचं म्हणणं वेगळंच. मामा, पीई आणि रुपया सोडा, म्हणतो, आमच्याकडे तिघांचं काम आता दोघांत होतंय, आणि ते गिऱ्हाइकाला माहीत आहे.

इथे मला माझं एक जुनं दुखणं आठवतं. २००७ मध्ये मी बँकेचं कर्ज काढून पहिली सीएनसी आणली. लेथवर एक कारागीर पाळीला ४० नग काढायचा. सीएनसीवर ११० निघायला लागले. मी मनातल्या मनात नफ्याचे मनोरे रचले, बायकोला गंगापूर रोडला फ्लॅट दाखवून आणला. आठ महिन्यांनी गिऱ्हाईक कंपनीचा परचेसवाला आला, घड्याळ लावून मशीनशेजारी उभा राहिला, एका नगाला लागणारा वेळ लिहून घेतला आणि पुढच्या ऑर्डरवर दर ३५ टक्क्यांनी कमी. म्हणाला, मशीन तुमचं आहे, पण वेळ वाचला त्यात आमचाही हक्क आहे. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर शेजारच्या शेडवाला तयारच होता. फ्लॅट राहून गेला. मशीनने मला बुडवलं नाही, उलट तिच्यामुळेच मी टिकलो. पण वाचलेल्या वेळेतला मोठा वाटा माझ्याकडे राहिला नाही, हे खरं.

तुमच्या धंद्यावर एआयचं जे चाललंय त्यात मला तो घड्याळवाला परचेस ऑफिसर दिसतो. तुमचं निम्मं काम जर माणसं आणि तास मोजून होत असेल आणि माणसं कमी लागायला लागली, तर बिल कमी होणार. ठरावीक रकमेचं काम असेल तर करार संपेपर्यंत फायदा तुमचा, नूतनीकरणाच्या वेळी गिऱ्हाईक तो मागून घेणार. आमच्या मिसळीच्या टेबलावर प्रश्न एवढाच आहे: तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांनी नूतनीकरणाच्या वेळी दर पाडून घेतलाय का, आणि किती? काका म्हणतात नाही, भाचा म्हणतो भरपूर, बाई म्हणतात आकडा दाखवा.

आणि हा आकडा तुम्ही देत होतात!

बाईंकडे २०० पानी वही आहे. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी ती सुरू केली. ७ जानेवारीला सत्यम या तुमच्यासारख्याच कंपनीच्या अध्यक्षांचं कबुलीपत्र आलं आणि ताळेबंदात बँकेत म्हणून दाखवलेले ५,००० कोटींहून जास्त रुपये जागेवर नव्हतेच हे देशाला कळलं. बाईंनी ठरवलं की आपल्या शेअरचे आकडे यापुढे स्वतःच्या हाताने लिहायचे. (तुमच्यावर तसला संशय आमच्यापैकी कुणाच्याही मनात नाही, हे इथेच स्पष्ट करतो.) त्या वहीत दर तिमाहीला एक ओळ. महसूल, मार्जिन, माणसं किती, किती सोडून गेली, पहिल्या पाच गिऱ्हाइकांचा वाटा, आणि करारांचे दोन रकाने: नवे किती, नूतनीकरण किती. गेल्या तीन ओळींत त्यातला एक रकाना रिकामा आहे. तुम्ही नवे आणि जुने एकत्र करून एकच बेरीज द्यायला लागलात. ना पूर्वसूचना, ना कारण. ज्या तिमाहीत हे झालं त्याच तिमाहीच्या पत्रकाचा मथळा होता, आजवरचे सर्वाधिक करार.

या बेरजेने काय झाकलं जातं, ते नवख्या वाचकासाठी सांगतो. पाच वर्षांचा ३० कोटी डॉलरचा करार म्हणजे वर्षाला ६ कोटींचं काम. आता समजा हा नवा नसून जुनाच करार आहे आणि पाच वर्षांपूर्वी तो ३६ कोटींचा होता. म्हणजे वर्षाला ७ कोटी २० लाखांचं काम ६ कोटींवर आलं. वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर गेले आणि पत्रकात ३० कोटींचा विजय दिसला. याच्या उलटही होऊ शकतं. गिऱ्हाइकाने पाच पुरवठादारांचं काम काढून एकट्या तुम्हाला दिलं असेल, दर पाडला असेल पण काम वाढलं असेल. तसं असेल तर काका जिंकले आणि मी त्यांना चार रविवार मिसळ खाऊ घालीन. पण एका बेरजेवरून यातलं कोण खरं ते कळायचं कसं? नऊ महिने आम्ही ज्याच्यावरून भांडतोय त्याचं उत्तर तुमच्या टेबलाच्या खणात आहे.

माप बदलणं हा गुन्हा नाही. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगितलं की यापुढे किती आयफोन विकले तो नगांचा आकडा देणार नाही. लोकांना आवडलं नाही, दुसऱ्या दिवशी शेअर साडेसहा टक्क्यांच्या आसपास पडला, पण सांगितलं तरी. नेटफ्लिक्सने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२५ च्या पहिल्या तिमाहीपासून ग्राहकसंख्या देणं थांबवू. जवळपास वर्षभर आधी. पटो न पटो, गुंतवणूकदाराला ठरवायला वेळ मिळाला. तुम्ही आम्हाला एक ओळही दिली नाहीत. आमच्या द्राक्षवाल्या दोस्ताने ऐकून घेतलं आणि म्हणाला, भाव पाडून बोलणारा व्यापारी परवडतो, पण काट्यावर पोतं टाकून उभा राहणारा नको.

दुसरी तक्रार एआयच्या आकड्याची. एक रकाना गेला आणि त्याच तिमाहीत दुसरा आला: एआयशी निगडित महसूल, वाढ घसघशीत. निगडित म्हणजे काय? भाचा म्हणतो, त्यांच्याकडे जुन्याच देखभालीच्या कामाला कोड लिहून देणारं एक साधन जोडलं की ते काम त्या खात्यात मोजतात. तुमच्याकडे तसं होतं असा माझा आरोप नाही, कारण तुम्ही व्याख्याच दिलेली नाही. मी माझ्या सगळ्या नगांना सीएनसीशी निगडित उत्पादन म्हणालो तर माझा धंदा २००७ ते २००९ मध्ये तिप्पट झाला असं दिसेल. गल्ल्यात किती आले ते माझी बायको सांगेल.

तिसरी, एकवेळच्या खर्चाची. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, वेतनाची व्याख्या बदलली, ग्रॅच्युइटीची तरतूद वाढवावी लागली. ती तुम्ही एकवेळची म्हणून वेगळी दाखवलीत, अगदी बरोबर. माझ्या नऊ माणसांच्या शेडसाठीही मी तो हिशेब करून पाहिला. पण बाईंच्या वहीप्रमाणे गेल्या १२ तिमाहींपैकी ७ तिमाहींत तुमच्याकडे कुठला ना कुठला एकवेळचा खर्च आहे. कधी पुनर्रचना, कधी जागा सोडल्याचा, कधी तडजोडीचा. माझ्याकडे दर पावसाळ्यात एक मोटर जळते. पहिल्या वर्षी मी तिला अपघात म्हणालो. आता जूनमध्येच त्याचे पैसे बाजूला काढतो.

बाकी किरकोळ तक्रारी आहेत, त्या सोडून देतो. फक्त एक, नव्या पोरांना वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पगार देण्याची या सगळ्या क्षेत्राची पद्धत दहा-बारा वर्षांत जेमतेमच हललीय, त्यावर कधीतरी वेगळं पत्र लिहीन. मुलगी म्हणते आत्ता नको.

आता वार्षिक सभेची गोष्ट, कारण पत्र लिहायची वेळ तिच्यामुळे आली.

सभेची नोटीस कायद्याप्रमाणे २१ दिवस आधी आली. ऑनलाइन सभेत बोलायचं तर आधी ईमेलने वक्ता म्हणून नाव नोंदवायचं, तेही केलं. माझा क्रमांक २३ वा होता. तिन्ही मशीनं बंद ठेवली, म्हणजे आवाज यायला नको. माणसांना चहाला पाठवलं. दोन तास दहा मिनिटं फोन हातात धरून बसलो. माझ्याआधीच्या २२ जणांपैकी बऱ्याच जणांनी अध्यक्षांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं, दोघांनी बोनसची आठवण करून दिली, एकाने प्रत्यक्ष सभा भरवून नाश्ता पुन्हा सुरू करा अशी विनंती केली आणि एका गृहस्थांनी स्वतः रचलेली कविता म्हटली. चार कडवी. त्यांना कुणी थांबवलं नाही. माझ्याबद्दल गैरसमज नको, कविता वाईट नव्हती.

माझी पाळी आली. मी हिंदीत बोललो, ती आमच्या नाशिकची हिंदी होती, त्याबद्दल क्षमस्व. वडिलांची ओळख, शेअर कधी घेतले, हे सांगण्यात अर्धं मिनिट गेलं, ही माझी चूक. मग विचारलं, नूतनीकरणाचा रकाना का काढला? एवढं म्हणेपर्यंत 'कृपया आटोपतं घ्या' असा आवाज आला, आणि दर किती पाडला गेला हा पुढचा प्रश्न माझ्या तोंडात असतानाच माझा माइक बंद झाला. मी पुढे वीस सेकंद बोलत होतो. समोर माझा एक कामगार चहाचा कप घेऊन ऐकत उभा होता, त्याने खूण केली की शेठ, बंद झालंय. शेवटी सगळ्यांना मिळून उत्तरं दिली गेली. माझ्या प्रश्नाला उत्तर आलं, की सर्व आवश्यक माहिती वार्षिक अहवालात आहे.

अहवाल ३००हून जास्त पानांचा आहे. बाईंनी आणि मी तो वाटून घेतला. नाही सापडलं. गुंतवणूकदार कक्षाला ईमेल केला. अठराव्या दिवशी उत्तर आलं, त्यात अहवालाची लिंक होती. दुसरा ईमेल केला, त्याला मशीनने पोच दिली. तिसरा केलेला नाही, त्याऐवजी हे पत्र.

मोठ्या ब्रोकरेजवाल्यांसाठी निकालानंतर तासाभराचा कॉनकॉल, म्हणजे फोनवरची प्रश्नोत्तरं, असतात. आम्हाला तिथे प्रश्न विचारता येत नाही, पण सेबीच्या नियमामुळे त्याचं रेकॉर्डिंग २४ तासांच्या आत किंवा पुढचा बाजार उघडण्याआधी, यातलं जे आधी तेव्हा, आणि लेखी प्रत पाच कामाच्या दिवसांत टाकावी लागते. हा नियम ज्यांनी केला त्यांचे उपकार. लेखी प्रत वाचली तर तिथेही एका विश्लेषकाने माझाच प्रश्न विचारला होता. त्यांना उत्तर मिळालं, की आम्ही आता ते वेगळं देत नाही. म्हणजे त्यांना निदान खरं सांगितलंत. मला अहवालाकडे पाठवलंत. आपमतलबी वाटेल, पण मला जास्त राग याचा आला. त्यांना मिळाला तसा नकार मला दिला असतात, तर मीही समजून घेतला असता.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ४००-५०० शेअरवाल्या माणसाने एवढं मनावर का घ्यावं? दर्शनी किमतीने मोजलं तर माझं सगळं भांडवल दोन-चार हजारांच्या आत बसतं, हे मलाही कळतं. पण म्हणूनच सांगतो, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १५१ मध्ये छोट्या भागधारकांचा संचालक अशी तरतूद आहे. दर्शनी किमतीने २० हजार रुपयांपर्यंतचे शेअर असणारा तो छोटा भागधारक. असे १,००० जण, किंवा एकूण छोट्या भागधारकांच्या एक दशांश, यातला जो आकडा कमी असेल, तितक्यांनी नोटीस दिली की प्रक्रिया सुरू होते. आज आम्ही पाच आहोत. ही धमकी नाही. एक हजार माणसं जमवायला मला वर्कशॉप बंद ठेवावं लागेल आणि तेवढी ऐपत नाही. फक्त बाईंनी ते कलम छापून वहीत चिकटवलंय, एवढं कळवतो.

इतर कंपन्यांकडे बोट दाखवायची गरज नाही, पण बाजार कसा वागतो ते तुम्ही विसरला नसाल. १२ एप्रिल २०१३ ला इन्फोसिसने पुढच्या वर्षाच्या महसूलवाढीचा अंदाज बाजाराच्या अपेक्षेपेक्षा कमी दिला आणि एका दिवसात शेअर २१ टक्क्यांच्या आसपास कोसळला. कंपनीने अंदाज दिला, मार खाल्ला, आणि पुढच्या वर्षीही अंदाज दिलाच. टीसीएस असा अंदाज देत नाही, तीही तिची रीत आहे. दोन्ही रीती आम्हाला चालतात. बाईंनी वहीत दोघींसाठी वेगवेगळी पानं आखली आहेत. रीत अधूनमधून बदलणाऱ्या कंपनीसाठी पान कसं आखायचं, ते त्यांना ठरवता येत नाही.

तर मागण्या. मोजक्या आहेत आणि एकीलाही फारसा खर्च नाही.

करारांची बेरीज पुन्हा फोडून द्या, नवे वेगळे, नूतनीकरण वेगळं, आणि गेल्या तीन तिमाहींचेही आकडे द्या म्हणजे वहीतल्या रिकाम्या जागा भरता येतील. नूतनीकरणात जुन्या किमतीच्या मानाने सरासरी किती फरक पडला, हे टक्क्यांत सांगा. गिऱ्हाइकांची नावं नकोत, दर नकोत. स्पर्धक शिकतील ही तुमची अडचण मी समजू शकतो, मीही शेजारच्या शेडवाल्याला माझा दर सांगत नाही. पण ज्यांच्या भांडवलावर शेड उभी आहे त्यांना सांगतो. बँकेला दर वर्षी सांगतो, बायकोला दर महिन्याला.

एआयच्या महसुलाची व्याख्या चार ओळींत छापा. जुनं काम नव्या खात्यात किती आलं, ते त्याखाली पाचव्या ओळीत.

एकवेळच्या खर्चांचा गेल्या १२ तिमाहींचा एकत्रित तक्ता दर निकालासोबत द्या. त्यात कामगार संहितांसारखं खरोखर एकवेळचं काय ते आपोआप दिसेल.

यापुढे एखादा आकडा बंद करायचा असेल तर निदान एक तिमाही आधी शेअर बाजाराला लेखी कळवा, कारणासह.

वार्षिक सभेत जे प्रश्न विचारले जातात, आणि वेळेअभावी जे तोडले जातात, त्यांची लेखी उत्तरं १५ दिवसांत संकेतस्थळावर टाका. उत्तर 'आम्ही हे देत नाही' असं असलं तरी चालेल. कवितेला उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

आणि एक मागणी काकांची, त्यांनी सांगितलं म्हणून घालतो: निकालाचं दोन पानी सार मराठीसह चार-पाच भारतीय भाषांत द्या. निकालाची जाहिरात नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या भाषेतल्या पेपरात द्यावी लागते, पण भागधारक काही तेवढ्याच गावात राहत नाहीत. काकांना इंग्रजी येतं, पण त्यांच्या पत्नीच्या नावावर काकांपेक्षा जास्त शेअर आहेत.

मी शेअर विकलेले नाहीत. भाचा दर रविवारी विका म्हणतो, काका दर रविवारी अडवतात. द्राक्षवाल्या दोस्ताने गेल्या महिन्यात निम्मे काढले, छाटणीचा खर्च होता म्हणून, पण मला वाटतं ते कारण अर्धंच खरं आहे. माझी मुलगी पुढच्या वर्षी तुमच्याकडेच मुलाखतीला बसेल बहुतेक. तिने हे पत्र वाचलं आणि विचारलं की आडनाव लिहिणार आहात का. लिहीत नाही.

पुढच्या सभेची नोटीस येईल त्याच दिवशी वक्ता म्हणून नाव नोंदवणार आहे. प्रश्न तोच आहे. वडिलांची ओळख काढून टाकलीय आणि आता तो ५० सेकंदांत बसतो. बाईंनी घड्याळ लावून दोनदा म्हणवून घेतला.

आपला,
एक भागधारक
अंबड, नाशिक